बाहेरची हवा आणि पाळण्यातले बाळ : ग्वाल्हेरच्या हिवाळ्यात घराने काय करावे?

दिवाळी सरते, थंडी धरू लागते आणि पुण्या-मुंबईला, हैदराबाद-बंगळुरूला दिलेल्या आपल्या काही लेकी बाळंतपणासाठी ग्वाल्हेरला माहेरी येतात. पहिले बाळंतपण माहेरी हा आपला रिवाज, आणि तो मोडावा असे कोणालाच वाटत नाही. पण अलीकडे या काळात मंडळाच्या सभासदांकडून एक प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येतो : इथली हवा अशी, मग लेकीला इथे आणावे की आपणच चार महिने तिच्याकडे जाऊन राहावे? आणि आणलेच, तर तान्ह्या बाळाला या हवेपासून कसे जपावे?

आमचे उत्तर आधीच सांगतो. लेकीला जरूर आणावे, पण घराची तयारी करून. ही तयारी म्हणजे केवळ खिडक्या बंद करून एक यंत्र विकत आणणे नव्हे. बाहेरचा धूर अडवायचा म्हणून आपण खोली बंद करतो आणि त्याच बंद खोलीत धुरी, शेगडी, उदबत्ती आणि डासांची कॉइल चालू ठेवतो. मग बाहेरच्या धुराऐवजी बाळाच्या वाट्याला घरचा धूर येतो. या लेखात आम्हाला मुख्यतः हेच मांडायचे आहे.

आपल्या शहराची हवा

२०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातील शहरांच्या हवेची आकडेवारी प्रसिद्ध केली, तेव्हा सूक्ष्म कणांच्या यादीत इराणमधल्या जाबोलनंतर दुसरा क्रमांक आपल्या ग्वाल्हेरचा होता. वार्षिक सरासरी होती घनमीटरमागे १७६ मायक्रोग्रॅम. त्यामागचे मापन आधीच्या काही वर्षांतले होते, आणि आज शहरातली स्वयंचलित केंद्रे वर्षाची सरासरी इतकी दाखवत नाहीत. तरी कडाक्याच्या थंडीत हवेचा निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, ३०० च्या पुढे जाण्याचे दिवस येतातच.

कारणे आपल्या परिचयाची आहेत. उखडलेल्या रस्त्यांची धूळ, बिलौआ भागातल्या खडी क्रशरची भुकटी, वाहने, हॉटेलांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या, कोपऱ्याकोपऱ्यावर पेटवला जाणारा कचरा आणि रात्री पेटणारे अलाव. भात निघाल्यावर डबरा-भितरवार पट्ट्यात शेतात जाळला जाणारा पेंढा, आणि उत्तरेच्या मैदानातून वाऱ्याबरोबर येणारा धूर. हिवाळ्यात जमिनीलगतची हवा गार आणि जड होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो, वारा पडतो. मग जे काही जळते ते रात्रभर आपल्या छपरांच्या उंचीवरच साचून राहते.

या हवेतले कण दोन प्रकारे मोजतात. पीएम १० म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण. यात रस्त्यावरची धूळ बरीच असते आणि नाक-घसा तिचा काही भाग अडवतात. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे. हे बहुतांशी जळण्यातून येतात, फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात, आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण तिथून रक्तातही उतरतात. बाळाच्या बाबतीत आपल्याला चिंता करायची ती मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराची.

एक्यूआयचा रंग बाळासाठी नाही

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे ‘समीर’ हे ॲप आता पुष्कळांच्या मोबाइलवर आहे. सिटी सेंटर, फूलबाग, दीनदयाळ नगर, महाराज बाडा यांपैकी आपल्या जवळच्या केंद्राचा आकडा त्यावर दिसतो. पण तो वाचायचा कसा, हे समजून घ्यायला हवे.

आपल्या देशात एक्यूआय १०० पर्यंत असला की हवा ‘समाधानकारक’ म्हणतात. सूक्ष्म कणांच्या भाषेत याचा अर्थ घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम, आणि हेच आपले २४ तासांचे राष्ट्रीय मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली २४ तासांची मर्यादा आहे १५. म्हणजे आपल्याकडे जिथे हिरवा रंग संपतो, तिथे हवा त्या मर्यादेच्या चौपट झालेली असते. २०० च्या पुढे, म्हणजे ‘खराब’ श्रेणीत, सूक्ष्म कण ९० च्या वर असतात आणि ३०० च्या पुढे १२० च्या वर. धडधाकट माणूस अशा हवेत दोन दिवस काढून जातो. बाळाचे तसे नसते.

नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० श्वास घेते. आपण घेतो बारा ते अठरा. वजनाच्या मानाने पाहिले तर बाळ आपल्या दुपटीहून जास्त हवा आत घेते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, म्हणून थोडी सूज आली तरी वाट निम्मी होते. पहिल्या काही महिन्यांत ते बहुतांशी नाकानेच श्वास घेते. नाक चोंदले की दूध पिणेही अडते. आणि फुप्फुसातले वायुकोश बहुतांशी जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. ज्या काळात हा अवयव घडत असतो, त्याच काळात त्याला धूर मिळतो.

युनिसेफने २०१७ मध्ये केलेल्या हिशेबानुसार, आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या किमान सहापट दूषित हवेत राहणारी वर्षाआतली बाळे जगात १ कोटी ७० लाख होती, आणि त्यांतली १ कोटी २० लाख एकट्या दक्षिण आशियात. ‘स्टेट ऑफ ग्लोबल एअर’च्या २०२० च्या अहवालात, २०१९ साली भारतात महिन्याच्या आतल्या सुमारे १ लाख १६ हजार बाळांच्या मृत्यूशी दूषित हवेचा संबंध जोडलेला आहे. त्याच अहवालाप्रमाणे जगभरच्या अशा मृत्यूंपैकी सुमारे दोन तृतीयांश हे घरातल्या चुलीच्या धुराशी निगडित होते. आपल्या घरांत आता चूल नाही, गॅस आहे. तरी घरातला धूर हा किरकोळ विषय नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

सरकार धूळ मोजते

‘यासाठी सरकार काही करत नाही का?’ हा पुढचा प्रश्न. करते. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यात देशातली १३१ शहरे आहेत आणि ग्वाल्हेर त्यांतले एक. पुढे उद्दिष्ट वाढवून २०२५-२६ पर्यंत कणांचे प्रमाण ४० टक्क्यांनी कमी करायचे ठरले. आपले शेजारी इंदूर २०२३ च्या आणि २०२५ च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत पहिले आले, तर महाराष्ट्रातले अमरावती आपल्या गटात. मनावर घेतले तर महापालिका बरेच करू शकते, हे यातून दिसते.

पण या कार्यक्रमात शहराची प्रगती मोजली जाते ती मुख्यतः पीएम १० वर. जे मोजतात, पैसा तिकडे जातो. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट’ या संस्थेने २०२४ मध्ये खर्चाचा आढावा घेतला, तेव्हा ६४ टक्के निधी रस्त्यांच्या धुळीवर गेलेला आढळला. वाहनांवर सुमारे साडेबारा टक्के, आणि कारखान्यांवर एक टक्काही नाही. रस्ते पक्के होणे, पाण्याचे फवारे, झाडणारी यंत्रे हे सगळे हवेच आहे. धुळीच्या आपल्या शहराला तर जास्तच. पण जळण्यातून येणारे जे बारीक कण बाळाच्या छातीत उतरतात, त्यांच्याकडे कमी लक्ष गेले आहे.

म्हणून पुढची काही वर्षे तरी भार घरावरच राहणार. बाहेरची हवा एका घराला बदलता येत नाही. बाळ जिथे दिवसाचे बावीस-तेवीस तास असते, ती एक खोली मात्र बदलता येते.

खिडकी कधी बंद, कधी उघडी

सर्वांत स्वस्त उपाय घड्याळाचा आहे. हिवाळ्यात संध्याकाळपासून हवा बिघडू लागते, रात्री उशिरा आणि पहाटे फार वाईट असते, आणि सकाळी नऊ-दहापर्यंत तशीच राहते. ऊन तापले की तो उबदार थर मोडतो, हवा वर उठते, आणि साधारण दुपारी बारा ते चार या वेळात त्यातल्या त्यात बरी हवा मिळते. म्हणून बाळाच्या खोलीच्या खिडक्या याच वेळात उघडाव्यात, आणि दिवे लागायच्या आत मिटाव्यात. त्याआधी ॲपवरचा आकडा पाहावा. दुपारीही तो ३०० च्या पुढे असेल तर पाच-दहा मिनिटांपुरतेच उघडावे. पूर्ण कोंडून मात्र ठेवू नये. माणसांच्या श्वासाने खोली कुंद होते, भिंतींना ओल येते, बुरशी धरते, आणि तीही बाळाला बाधते.

इथे आपल्या एका चांगल्या सवयीची वेळ बदलावी लागेल. बाळाला कोवळ्या उन्हात न्यायचे, तेही तेल लावून सकाळी सात-आठ वाजता, ही पद्धत पिढ्यान् पिढ्यांची. उन्हाळ्यात ती ठीक आहे. डिसेंबर-जानेवारीत मात्र ग्वाल्हेरची सगळ्यांत वाईट हवा नेमकी त्याच वेळी असते. तेव्हा हिवाळ्यात ऊन अकरा-बाराच्या सुमारास द्यावे. काचेआडून येणारे ऊन ऊब देते, पण ड जीवनसत्त्वासाठी त्याचा उपयोग नाही. त्यासाठी बालरोगतज्ज्ञ पहिल्या वर्षी रोज ४०० युनिटचे थेंब देतातच. ते चुकवू नयेत.

खोली कोणती निवडावी? आपल्या लष्करातल्या जुन्या वाड्यांत बाळंतिणीची खोली आतल्या अंगाला असे, रस्त्यापासून आणि वाऱ्यापासून दूर. हा जुना विचार आजही तितकाच योग्य आहे. रस्त्याकडेची, बाल्कनीची हवेशीर खोली पाहुण्यांना द्यावी आणि बाळाला आतली. दारांच्या फटींना कापडी पट्टी किंवा बाजारात मिळणारी रबरी पट्टी लावावी. कोरड्या केरसुणीने झाडल्यास खाली बसलेले कण पुन्हा उडतात, म्हणून बाळाच्या खोलीत ओल्या फडक्याने पुसावे. दुपटी-लंगोट गच्चीवर रात्रभर वाळत टाकू नयेत.

बाहेर नेताना एक गोष्ट कटाक्षाने टाळावी : धूर लागू नये म्हणून बाळाचे तोंड शालीने किंवा ओढणीने झाकणे. त्याने सूक्ष्म कण अडत नाहीत, पण श्वास कोंडू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलाला मास्कही लावू नये. बाहेर जाणे टळत नसेल तर दुपारची वेळ धरावी आणि स्कूटरऐवजी बंद गाडी.

धुरी आणि शेगडी

आता ज्या विषयावर घरोघरी आवाज चढतो त्याकडे वळू. अंघोळ झाली की बाळाला ओवा, धूप, वेखंड यांची धुरी द्यायची आणि बाळंतिणीला खाटेखाली शेगडी ठेवून शेक द्यायचा, ही आपली रीत. आजी म्हणतात, आम्ही सहा मुले अशीच वाढवली. सून म्हणते, डॉक्टरांनी नाही म्हटले आहे. मधल्या मधे मुलगा गप्प बसतो.

आम्हाला इथे कोणाला दोष द्यायचा नाही. ही रीत अडाणीपणातून आली नव्हती. ओलसर घरे, उघडे चौक, उंच छत, कौलांतून निघून जाणारा धूर, किडामुंगीचा उपद्रव आणि ऊब देण्याचे दुसरे साधन नाही, अशा घरात ती जन्मली. आज तीच धुरी आपण दहा बाय बाराच्या, खिडक्या मिटलेल्या, काँक्रीटच्या खोलीत देतो. धूप असो वा ओवा, निखाऱ्यावर पडले की त्याचे सूक्ष्म कणच होतात, आणि ते बाहेरच्या धुरापेक्षा वेगळे वागत नाहीत. बाहेर जरा बरा दिवस असला तरी अशा खोलीतला आकडा काही मिनिटांत ‘गंभीर’च्या वर जाऊ शकतो, आणि बाळाचे तोंड तर धुराच्या अगदी जवळ असते. ओव्याचा वास हवा असेल तर भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी बाळंतिणीजवळ ठेवता येईल. बाळाचे अंग कोरडे करायला गरम केलेला पंचा पुरेसा आहे. धुरी मात्र बंद करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेगडीचा धोका धुरीहून मोठा आहे. निखारे लाल झाले, धूर थांबला, की आपण निर्धास्त होतो. पण तेच निखारे कार्बन मोनॉक्साइड सोडत असतात. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जाग येऊ देत नाही. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत अंगीठी ठेवून झोपलेली माणसे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतो. हवा शुद्ध करणारे यंत्र लावले तरी हा वायू अडत नाही. म्हणून बाळ-बाळंतिणीच्या खोलीत कोळशाची शेगडी कोणत्याही कारणाने नको. शेकासाठी गरम पाण्याची पिशवी आहे, विजेचा शेक आहे. खोलीसाठी ऑइल हीटर आहे. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर पाणी आधी बादलीत काढून, गीझर बंद करून, दार थोडा वेळ उघडे ठेवून मगच बाळाला आत न्यावे. त्यातूनही हाच वायू निघतो.

हे आजींना सांगायचे कसे? आमचा अनुभव असा, की ‘तुमचे चुकते’ म्हटल्याने कोणी ऐकत नाही. आजीच्या हाताला दुसरे काम हवे असते. तेल लावणे, न्हाऊ घालणे, अंगाई, पाळणा हलवणे हे सगळे तिचेच राहू द्यावे. आणि धुरीबद्दल सुनेने नव्हे, मुलाने बोलावे.

देवघर, डास आणि फोडणी

मंगलोरी कौलांच्या घरातली एक उदबत्ती आणि फ्लॅटमधल्या बंद दिवाणखान्यातली एक उदबत्ती यांत फरक आहे. बाळ घरात असेपर्यंत देवापुढे निरांजन लावावे, आणि उदबत्ती-धूप लावायचाच असेल तर अंगणात, तुळशीपाशी किंवा गॅलरीत. देवाची सेवा त्याने उणी होत नाही. आरतीचा कापूर लावताना बाळाच्या खोलीचे दार लावून घ्यावे.

डासांच्या कॉइलबद्दल मात्र तडजोड नको. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, एक कॉइल पूर्ण जळल्यावर जितके सूक्ष्म कण निघतात ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे आढळले होते. बंद खोलीत रात्रभर कॉइल लावणाऱ्या घराने बाहेरच्या एक्यूआयची चर्चा करण्यात अर्थ नाही. पाळण्यावर मच्छरदाणी टाकावी. ती सगळ्यांत जुनी, सगळ्यांत स्वस्त आणि बिनधुराची.

स्वयंपाकघराचा धूरही मोजण्यात धरावा. मिरचीची खमंग फोडणी, तळण, भाजणी भाजणे हे सगळे करताना एक्झॉस्ट पंखा चालू आणि बाळाच्या खोलीचे दार बंद. घरात कोणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर ‘गॅलरीत ओढतो’ हे पुरेसे नाही. कपड्यांवर आणि हातांवर धूर बसतोच. बाळाला घेण्याआधी निदान हात धुऊन शर्ट बदलावा.

यंत्र घ्यावे का?

परवडत असेल तर घ्यावे, उपयोग होतो. पण चार गोष्टी पाहून. एक, त्यात हेपा फिल्टर असावा. दोन, ओझोन किंवा आयन सोडणारे यंत्र घेऊ नये. ओझोन स्वतःच फुप्फुसांना त्रासदायक आहे. तीन, यंत्राची क्षमता खोलीला पुरावी. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जायची तर यंत्राचा सीएडीआर १७० घनमीटर प्रतितास तरी हवा. वाड्यातल्या १४ फूट उंचीच्या खोलीला हाच आकडा २४० च्या आसपास जातो. चार, फिल्टर वेळेवर बदलावा. काळा पडलेला फिल्टर लावून ठेवणे म्हणजे नुसता पंखा चालवणे. यंत्र चालू असताना दार-खिडकी मिटलेली असावी आणि यंत्र पाळण्याच्या जवळ, पण बाळाच्या अंगावर वारा येणार नाही असे ठेवावे.

साध्या एसीने सूक्ष्म कण गाळले जात नाहीत. उन्हाळ्यातला कूलर तर बाहेरचीच हवा आत ओढतो. त्याच्या खसच्या ताट्या जाड धूळ थोडीफार अडवतात, बारीक कण नाही. म्हणून आंधी सुटली की कूलर बंद करून खिडक्या मिटाव्यात. मनीप्लांट, स्नेक प्लांट यांनी घर शोभते. हवा शुद्ध व्हायची तर खोलीत माणसाला उभे राहायला जागा उरणार नाही इतकी झाडे लागतील.

ज्यांना यंत्र परवडत नाही, त्यांनी स्वतःला अपराधी समजू नये. आतली खोली, दुपारची खिडकी, ओले फडके आणि घरात काहीही न जाळणे, या चार गोष्टींनीच मोठा फरक पडतो, आणि त्यांना पैसे जवळजवळ लागत नाहीत.

छाती ओळखायला शिका

सगळे करूनही बाळ आजारी पडू शकते. त्याविरुद्धची पहिली ढाल आईचे दूध आहे. पहिले सहा महिने केवळ तेच. दुसरी लसीकरण. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते : सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, आणि नवव्या महिन्यात एक.

घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला बाळाचे श्वास मोजता यायला हवेत. बाळ शांत असताना किंवा झोपेत, पोटाची हालचाल पाहत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त असतील तर डॉक्टरांकडे जावे. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडणे, कण्हणे, दूध न ओढणे, ओठ निळसर दिसणे, फार सुस्त होणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आला, तरी तसेच. नाक चोंदले म्हणून नाकात तेल सोडू नये. ते फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो. कापराचा बामही छातीला चोळू नये. डॉक्टरांनी सांगितलेले मिठाच्या पाण्याचे थेंब पुरेसे असतात.

आणि काळजी बाळंतपणाआधीच सुरू व्हावी. दूषित हवेचा संबंध कमी वजनाच्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांशी आढळला आहे. म्हणून आठव्या महिन्यात माहेरी आलेल्या लेकीची पहाटेची फेरीही दुपारवर न्यावी.

मंडळाने काय करावे

२०१५ साली दिल्लीत तीन तान्ह्या मुलांच्या नावाने त्यांच्या वडिलांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. ‘अर्जुन गोपाल विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ती ओळखली जाते. त्याच प्रकरणात ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने देशभर केवळ कमी धुराच्या, ‘हरित’ फटाक्यांना मुभा दिली आणि दिवाळीच्या रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली. पाळण्यातल्या मुलांच्या नावाने देशाचा नियम बदलता येतो, तर आपल्या मंडळाची वहिवाट बदलणे अवघड नाही. कार्यकारिणीपुढे आम्ही चार सूचना ठेवत आहोत.

पहिली : दिवाळी पहाटेचा कार्यक्रम आपला मानबिंदू आहे, तो राहावाच. पण तो बंद सभागृहात घ्यावा, आवारात फटाके नसावेत, आणि वर्षाखालच्या बाळांना पहाटे आणू नये असे निमंत्रणातच लिहावे. बाळाच्या आईला घरी बसून गाणी ऐकता यावीत म्हणून कार्यक्रम ऑनलाइन दाखवावा, म्हणजे ती वगळली गेली असे होणार नाही.

दुसरी : मंडळाच्या सभागृहात होणारी बारशी आणि संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतची बोरन्हाणे दुपारी १२ ते ४ या वेळेतच ठेवावीत. सभागृहात धूप-उदबत्ती नको.

तिसरी : उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंदी घातली आहे, दंड साध्या प्रकरणात ५ हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५ हजार रुपये. सभासदांनी आपापल्या गल्लीतल्या अशा जागांची छायाचित्रे आणि वेळ मंडळाकडे द्यावी. मंडळाने ती एकत्र करून महापालिकेला महिन्याला एक पत्र द्यावे. एकट्याच्या तक्रारीपेक्षा शंभर घरांच्या पत्राला उत्तर लवकर येते. त्याच पत्रात, शहराच्या प्रगतीचा आकडा पीएम २.५ मध्येही जाहीर करावा, अशी मागणी असावी.

चौथी : मंडळाने वर्गणीतून दोन-तीन हवाशुद्धी यंत्रे घेऊन ठेवावीत आणि ज्या सभासदांच्या घरी तान्हे बाळ आहे त्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी वापरायला द्यावीत. लग्नाची भांडी आणि सतरंज्या आपण अशाच पुरवत आलो आहोत.

आणि ही सारी जबाबदारी एकट्या बाळंतिणीच्या डोक्यावर पडू नये. रात्री तीनदा उठून दूध पाजणाऱ्या मुलीला दिवसा एक्यूआय बघायला लावण्यापेक्षा तो आकडा आजोबांनी बघावा, खिडकी मावशीने मिटावी, फिल्टर जावयाने बदलावा. यंदा ज्यांच्या घरी लेक येते आहे, त्यांनी ती यायच्या आधी आठ दिवस आतली खोली रिकामी करायला घ्यावी.